मामा, शिक्का आणि हिरवे बाबा

विलायतेच्या राजाच्या नाकावर पगार घेऊन हाणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या दौंडच्या पोस्टातले मामा. सरकारी कागदात त्यांचा हुद्दा पॅकर असा होता. म्हणजे टपालाच्या थैल्या बांधायच्या, सोडायच्या आणि पत्रांवरच्या तिकिटांवर शिक्का मारायचा. त्यातलं थैल्यांचं काम ते नुसतं करायचे, शिक्क्याचं काम मात्र गाजवायचे. मी खिडकीवर कारकून म्हणून लागलो तेव्हा इंग्रज जायच्या बेतात होता, पण तिकिटावर राजाचं मुंडकं अजून टिकून होतं. मामा डाव्या हातानं पत्र सरकवायचे आणि उजव्या हातातला लाकडी मुठीचा शिक्का आधी शाईच्या पॅडवर आपटून मग राजाच्या नाकावर उतरवायचे. थप्‌-धप्‌, थप्‌-धप्‌. समोरच्या हॉटेलातला चहावाला त्या ठेक्यावर कपबश्या विसळायचा.

मी एकदा विचारलं, "मामा, नेमकं नाकावरच का?"

"चेहऱ्यात पुढं काय असतंय? नाक. जे पुढं असतंय त्याला पयलं लागतंय, बाबूराव."

माझं नाव बाबूराव नाही. माझ्या आधी त्या खिडकीवर कुणी बाबूराव बसत, म्हणून मी बाबूराव. माझ्या रजेत त्या खिडकीवर आलेला पोरसवदा कारकूनही बाबूरावच झाला. त्यानं सुरुवातीला तक्रार केली, तर मामा म्हणाले, "खुर्चीचं नाव हाय ते. तुमचं तुमच्या घरी ठेवा."

शिक्क्याला मात्र दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. रोज सकाळी पोस्ट उघडायच्या आधी ते तो रॉकेलमध्ये बुडवलेल्या जुन्या ब्रशानं घासायचे, टाचणीनं अक्षरांतला मळ काढायचे, तारखेच्या आकड्यांचे खिळे बदलायचे आणि रद्दीच्या कागदावर एक ठसा मारून त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहायचे. 'दौंड' स्पष्ट उमटलं आणि तारीख सरळ आली की मान डोलवायचे. त्याला ते बोहनी म्हणत. बोहनी बिघडली तर दिवसभर आमचं काही खरं नसे.

तिकीट कसं चिकटवलंय यावरून ते माणूस ओळखायचे. तिरकं तिकीट दिसलं की म्हणायचे, "ह्याच्या घरात भांडान हाय." तिकीट अगदी कोपऱ्यात, कडेला कड लावून असलं की, "ह्यो मास्तर असनार, न्हाईतर मारवाडी." केडगावच्या मिशनातल्या निराधार बायकांची पत्रं आली की मात्र ते काही बोलत नसत. ती पत्रं ते हळू हातानं सरकवायचे.

मामा मूळचे शिरूरचे. दौंडात त्यांची उमर गेली होती, तरी दौंड त्यांच्या लेखी बदलीचं गाव होतं. पाणी प्यायला दिलं की, "आमच्या घोडनदीच्या पान्याची सर न्हाई." ऊन पडलं की, "शिरूरचं ऊन सोशिक असतंय." ऊन सोशिक कसं असतं ते त्यांनाच ठाऊक. डोक्यावर काळी लोकरी टोपी उन्हाळा-पावसाळा सारखीच. त्या टोपीच्या घडीत दाढदुखीची लवंग, टाचण्या, धाकट्या मुलीच्या फ्रॉकचं बटण असा संसार असायचा.

त्यांच्या घराण्यात मागाचा धंदा होता. आजोबा विणकर, वडील विणकर. लुगडी विणायचे. पुढं गिरणीचं कापड आलं आणि माग बसला. "आब्बांच्या मागाची लाकडं शेवटी चुलीत गेली," असं मामा एकदा हसत हसत म्हणाले होते. आमच्या पोस्टातला सरकारी डिंक निकामी होता, तेव्हा मामा घरून पिठाची खळ शिजवून आणायचे. सुताला खळ लावणाऱ्या घरातला माणूस. ती खळ अशी धरायची की लखोटा फाटेल, पण तिकीट सुटणार नाही.

अशा मामांच्या हातात एके दिवशी हिरवं तिकीट आलं. स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. राजा केव्हाच गेला होता. त्याच्या जागी देवळं आणि लेणी आली होती, आणि त्यांच्यावर मामा बिनदिक्कत मारत. "दगडाला काय हुतंय," म्हणत. मग सरकारनं संतकवींची तिकिटं काढली. आमच्याकडे पाऊण आण्याचं हिरवं तिकीट आलं. त्यावर दाढीवाले, शांत चेहऱ्याचे एक संत.

"हे कोन म्हनं?" मामांनी विचारलं.

मी नाव सांगितलं आणि खिडकीवर बसून मिळालेलं सगळं ज्ञान पाजळलं. फार जुन्या काळचे संतकवी, उत्तरेकडचे. जातपात आणि कर्मकांड यांच्यावर कोरडे ओढणारे. हिंदू म्हणतात आमचे, मुसलमान म्हणतात आमचे. आणि पोटापाण्याला विणकाम करायचे.

मामांनी त्यातलं शेवटचंच उचललं. नाव त्यांनी ऐकलेलं होतं, भजनंही कानावरून गेली होती. पण हे कुणी सांगितलं नव्हतं.

"विनकाम? म्हंजी मागावर बसायचे?"

"होय."

"सोता धोटा फेकायचे?"

"तेच तर."

मामांनी तिकिटांचा तो ताव हातात घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "आमच्या धंद्यातला मानूस सरकारी तिकिटावर बसला, बाबूराव." त्यांचा आवाज एवढा बदलला होता की मला चेष्टा सुचली नाही. त्यातलं एक तिकीट त्यांनी रीतसर विकत घेतलं आणि टोपीच्या घडीत, लवंगेशेजारी ठेवलं.

दिवसभर मामांनी आल्यागेल्याला बाबा दाखवले. दोन दिवसांत गावात त्या तिकिटाला 'हिरवे बाबा' असं नाव पडलं. लोक खिडकीवर येऊन "दोन हिरवे बाबा द्या" म्हणू लागले. आणि मामांनी खिडकीवर पाण्याची वाटी आणि फडकं आणून ठेवलं. बाबांना जीभ लावायची नाही. एक रेल्वेतला गार्ड चिडला.

"तिकीट माझं, जीभ माझी. तुमचं काय जातंय?"

"जीभ तुमची. बाबा आमचं. पानी लावा."

गार्डानं मुकाट्यानं पाणी लावलं.

इथवर सगळी मौज होती. पण त्या पाण्याच्या वाटीवरून पुढचं आम्हाला कळायला हवं होतं. ज्या माणसाला बाबांना थुंकी लागलेली चालत नाही, तो त्यांच्या तोंडावर लोखंडी शिक्का कसा हाणणार?

हिरव्या बाबांचं पहिलं पत्र शिक्क्याला आलं तेव्हा ठेका चुकला. थप्‌ झालं, धप्‌ आलंच नाही. मी मागं वळून पाहिलं. मामांचा हात वर तसाच. मग तो हळूच बाजूला सरकला आणि शिक्का तिकिटाच्या शेजारी, कोऱ्या जागेवर बसला.

"मामा, तिकीट राहिलं."

"ऱ्हाऊ द्या. दौंड वाचता येतंय न्हवं? तारीख हाय न्हवं? मग झालं."

आमचे पोस्टमास्तर भला माणूस, पण पोटाचे रोगी. दिवसातून कितीदा तरी ताक प्यायचे आणि उरलेला वेळ ताकाची वाट पाहायचे. त्यांचं लक्ष गेलं नाही. हिरवे बाबा दौंडातून गोरेगोमटे बाहेर पडू लागले.

त्या महिन्यात खुटबावचे आबा आले. मोठे बागायतदार, गावात शब्दाला मान. लेकीचं लग्न काढलेलं. दौंडात पत्रिका छापून घेतल्या आणि तिथंच बुकपोस्टानं टाकायला गठ्ठा घेऊन आले. प्रत्येक पत्रिकेला एक हिरवा बाबा. मामांना कोण आनंद! घरची खळ आणून त्यांनी आबांना स्वतः तिकिटं लावून दिली. सगळी सरळ, कडेला कड लावून. मग एकेका पत्रिकेवर, बाबांना धक्का न लावता, शेजारी सुरेख शिक्का मारला. आबा म्हणाले, "मामा, पत्रिकेपरास तुमचा शिक्का देखना झालाय." मामा खुशीत हसले.

आठवडा गेला असेल. आबा पोस्टात शिरले ते वादळासारखे. हातात पत्रिका. ती त्यांनी माझ्यापुढे आपटली नाही, सरळ आत जाऊन मामांपुढे आपटली.

"मामा, माझ्या लेकीच्या पत्रिकेवर फुली?"

झालं होतं असं. आमच्या खात्याचा रिवाज असा की, तिकीट कोरं राहून आलं तर ज्या गावात पत्र वाटायचं तिथल्या पोस्टानं ते पेनानं फुली मारून खोडायचं, म्हणजे कुणी सोडवून पुन्हा वापरू नये. मामांना हे कधी माहीत व्हायचं कारणच नव्हतं. त्यांच्या हातून कोरं तिकीट कधी गेलंच नव्हतं. पुढच्या गावांतल्या पोस्टांनी आपलं काम चोख केलं होतं. लग्नाच्या पत्रिकेवर, गणपतीच्या बरोबर वर, शाईची ठसठशीत फुली.

"कासुर्डीला नवऱ्या मुलाची आत्या हाय," आबा सांगत होते. "तिच्या शब्दाबिगार त्या घरात पान हालत न्हाई. ती म्हनती, आमच्यावर फुली मारायची व्हती तर पत्रिका धाडली कशाला? आता त्यांच्याकडचं एक बी मानूस मांडवात यायचं न्हाई म्हनती. मामा, पोरीची हळद दोन दिवसांवर आलीया वो!"

आबांचा आवाज शेवटी फुटला. एवढा मोठा माणूस, मिशीला तूप लावून फिरणारा, पण डोळे भरून आले होते.

मामांचं लक्ष त्या पत्रिकेवर होतं. फुली बाबांच्या दोन्ही डोळ्यांवरून गेली होती. एक रेघ कपाळापासून दाढीपर्यंत, दुसरी कानापासून कानापर्यंत. मामा थैल्यांच्या ढिगावर बसले.

"म्या ह्यासनी जपाया गेलो," ते म्हणाले, "आन् ह्येंचं डोळंच खोडलं की वो."

ताकाचा पेला हातात घेऊन पोस्टमास्तर बाहेर आले. सगळं ऐकलं. रागावले नाहीत, पण त्यांना दुसरा मार्ग नव्हता. म्हणाले, "मामा, तिकिटावर शिक्का पडला नाही तर उद्या माझीही नोकरी जाईल. सोमवारपासून शिक्का दुसऱ्याकडे देतो. तुम्ही थैल्या सांभाळा."

मामांनी मान हलवली. ज्यांनी मामांना रोज ब्रश घेऊन बसलेलं पाहिलं होतं, त्यांना त्या मान हलवण्याचा अर्थ कळला. शिक्क्याविना मामा म्हणजे दौंडातला कुणीही एक म्हातारा होणार होता. मला फार वाईट वाटलं.

पण आधी लग्न. मामा त्याच दुपारी आबांबरोबर गाडीनं यवतला उतरले आणि तिथून कासुर्डीला चालत गेले. तिथं काय झालं ते आबांनीच नंतर खिडकीवर उभं राहून साभिनय सांगितलं. आत्याबाई ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. मामांनी टोपी काढून हातात घेतली.

"आत्याबाई, फुली तुमच्यावर न्हाई. माझ्या खुळेपनावर हाय."

मग सगळी कहाणी. बाबा, माग, शिक्का, न मारलेला शिक्का. आत्याबाईंचा शेंगा फोडायचा हात थांबला.

"म्हंजी त्यांच्या तोंडावर मारायला तुमचा हात झाला न्हाई?"

"न्हाई झाला."

"येडंच हायसा तुमी," आत्याबाई म्हणाल्या आणि आत हाक मारून मामांसाठी भाकरी मागवली. लग्नाला यायचं कबूल केलं, पण एका अटीवर. ज्याच्यामुळं फुली पडली तो माणूस मांडवात अक्षता टाकायला पुढच्या रांगेत उभा पाहिजे. मामा उभे राहिले. अक्षताही त्यांनी नेम धरून टाकल्या म्हणे. नवऱ्या मुलाच्या नाकावर.

लग्न पार पडलं, पण सोमवार टळणार नव्हता. आदल्या दिवशी रविवारी मामा शिरूरला निघाले. माझे एक काका तिथं राहायचे, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर एस. टी. नं गेलो. मामा मला आधी आपल्या घरी घेऊन गेले, थोरल्या बहिणीकडे. त्यांना सगळे आपा म्हणत. लहानपणी त्यांनी वडिलांच्या शेजारी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरलेल्या. आता केस पांढरे झाले होते, नजर मंदावली होती, पण बोटं सारखी काहीतरी चाळवत असायची. बोलता बोलता त्यांनी माझ्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून चोळली आणि म्हणाल्या, "गिरनीचं. धुतल्यावर आखडंल."

मामांनी टोपीतून तिकीट काढून त्यांच्या हातात दिलं आणि लहान मुलासारखं गाऱ्हाणं सांगितलं. राजावर मारला, देवळांवर मारला. ह्यांच्यावर कसा मारू? आपल्यातला मानूस. आब्बांच्या जागी.

आपांनी सगळं ऐकून घेतलं.

"आब्बांनी इनलेलं लुगडं कुनी घडी घालून पुजलं व्हतं का रे?"

"न्हाई."

"घडीतलं लुगडं म्हंजी नुस्तं सूत. बाईनं नेसलं, घोडनदीच्या दगडावर आपटलं, वाळवून परत नेसलं, तवा त्ये लुगडं. आब्बा नदीवर कशाला जायचे, याद हाय?"

मामांनी टोपी हातात फिरवली.

"बाया कापड आपटत्यात त्ये बघायला जायचे. आपल्या मागाचं दिसलं की थांबायचे. म्हनायचे, आपट बाई, जोरात आपट, फाटायचं न्हाई त्ये." आपांनी तिकीट परत केलं. "तुझ्या बाबांना कामाला जाऊ दे. टोपीत बसून का ते गावाला पोचनार हायती?"

परतीच्या गाडीत मामा खिडकीशी बसले होते. मी कितीदा तरी विषय काढला, पण शिरूरच्या उन्हाबद्दलसुद्धा ते बोलले नाहीत.

सोमवारी मी पोहोचलो तर शिक्का घासून, पुसून, तारीख बदलून टेबलावर ठेवलेला. ज्याच्याकडे तो जायचा होता तो तरुण पोस्टमन अवघडून बाजूला उभा. पोस्टमास्तर आले.

"साहेब," मामा म्हणाले, "येक पत्र मारू द्या. मग तुमी म्हनाल तसं."

पोस्टमास्तरांनी मान हलवली. पेटीतल्या पत्रांतून मामांनी हिरव्या बाबांचं एक पत्र निवडलं आणि समोर ठेवलं. टोपी सारखी केली.

"चला बाबा, कामाला," ते म्हणाले.

थप्‌-धप्‌.

बरोबर नाकावर. 'दौंड' वाचता येत होतं, तारीख सरळ होती आणि गोल ठशातून बाबांचे डोळे स्वच्छ दिसत होते. मामांनी ते पत्र उचलून बाजूला ठेवलं आणि बाहीनं स्वतःचे डोळे पुसले. कुणापासून लपवलं नाही.

पोस्टमास्तरांनी ठशाकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मेलची वेळ होत आली, मामा. बाकीची उरका," एवढंच म्हणाले आणि ताकाकडे वळले. तरुण पोस्टमननं सुटकेचा श्वास सोडला. समोरच्या हॉटेलात कपबश्या पुन्हा ठेक्यात वाजू लागल्या.

मामा पेन्शनीत निघाले आणि शिरूरला गेले. माझी बदली दुसरीकडे झाली. माझ्या नव्या पोस्टात शिक्का मारणारा गृहस्थ डुलक्या घेत मारायचा. निम्मा ठसा टेबलावर उमटायचा. मामांची आठवण यायला एवढं पुरेसं होतं.

दोनेक वर्षांनी माझ्या नावानं शिरूरहून एक पत्रिका आली. मामांच्या धाकट्या मुलीची शादी. पत्ता कुणाकडून तरी लिहवून घेतलेला, 'बाबूराव' हे कंसात. वर हिरवे बाबा. त्या वेळी ते तिकीट कुठंच मिळत नव्हतं. मी नीट पाहिलं. तिकिटाच्या मधोमध घडीची पुसट रेघ होती आणि मागची खळ अशी धरली होती की कडेला नख शिरत नव्हतं. लवंगेचा अगदी किंचित वास येत होता. आणि नाकावर शिक्का. 'शिरूर'मधलं एकेक अक्षर सुटं, तारीख ओळंब्यात धरल्यासारखी. तो हात मी कुठंही ओळखला असता.

मी लग्नाला गेलो. पत्रिका खिशात ठेवून गेलो. मामा मांडवात धावपळ करत होते, टोपी तीच. मी पत्रिका पुढं धरली.

"हे कसं काय, मामा? तुम्ही तर पेन्शनीत."

"हिथल्या पोस्टमास्तरांना म्हनलं, सोताच्या लेकीची पत्रिका, परक्याच्या हातनं शिक्का मारून घिऊ व्हय? द्या मला येकदा. दिला बिचाऱ्यांनी."

"पण हे टोपीतलं. एवढं एकच होतं ना तुमच्याकडे?"

"येकच व्हतं," मामा म्हणाले. "म्हनून तर मारताना लई धडधडलं, बाबूराव."

आपा कोपऱ्यात सतरंजीवर बसल्या होत्या. आता त्यांना दिसत नव्हतं. "काय हाय रं त्ये?" त्यांनी विचारलं. मामांनी पत्रिका त्यांच्या हातात दिली आणि त्यांचं बोट धरून तिकिटावर नेलं. आपांनी तिकीट चाचपलं, शिक्क्याचा दाब बोटाच्या टोकानं गोल फिरवून पाहिला. मग ती कड चिमटीत धरून चोळली, माझी बाही चोळली होती तशी.

"टोपीतलं का?"

"व्हय, आपा."

"हां," आपा म्हणाल्या. "आता नेसलं."